बिनटाका पुरुषनसबंदी : ती कितपत निर्धोक आहे ?

बियाणें, खतें, पाणी आणि गुरांचे रोग ह्यांविषयीं लिहिणाऱ्या मासिकांत पुरुषांवरील शस्त्रक्रियेचा विषय कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, शेतीचा विचार जसा जमिनीचा तसाच कुटुंबाचाहि आहे. आजोबांच्या नांवावरील चाळीस एकरांचें खातें नातवांच्या हातीं येईपर्यंत चार-चार एकरांचें कसें झालें, हें कोणत्याहि गांवच्या दप्तरांत पाहावयास सांपडतें. आज बहुतेक जाणते शेतकरी दोन मुलांवर थांबण्याचें ठरवितात. परंतु थांबणें म्हणजे घरांतील बाईनें शस्त्रक्रिया करून घेणें, असाच अर्थ सर्वत्र रूढ झाला आहे. पुरुषावरील शस्त्रक्रिया अधिक लहान, अधिक सोपी व अधिक निर्धोक असतांहि तिचें नांव निघतांच चांगले धीट गडी मान फिरवितात.

ही नुसती आमची समजूत नव्हे. सन २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, भारतांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ स्त्रियांनीं नसबंदी करून घेतलेली होती; उलट ज्यांच्या पतीनें ती करून घेतली होती अशा स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ०.३ इतकेंच भरलें. म्हणजे सुमारें सव्वाशें बायकांमागें एक पुरुष ! महाराष्ट्रांत तर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचें प्रमाण निम्म्याच्या घरांत आहे. ह्याच पाहणींत तिघांतील एकाहून कांहीं अधिक पुरुषांनीं, संततिनियमन हें बायकांचें काम आहे, पुरुषानें त्याची चिंता करण्याचें कारण नाहीं, असें मत दिलें.

मुंबईस प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं सन १९२१ मध्यें संततिनियमनाच्या सल्ल्याचें केंद्र उघडलें व सन १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. ज्या प्रांतांत हा विषय इतक्या लवकर उघडपणें बोलला गेला, तेथेंच शंभर वर्षांनंतर पुरुषांनीं त्याकडे पाठ फिरवावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ह्याच्या मुळाशीं भीति आहे, आणि ती भीति बहुतांशीं चुकीच्या माहितीवर उभारलेली आहे. ती माहिती शक्य तितकी नीट करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बैल बडविणें आणि नसबंदी

एका सभेनंतर पारावर बसलों असतां एका वयस्क बागाईतदारांनीं आम्हांस विचारलें, “अहो, बैल बडविला म्हणजे त्याची रग जाते, मान बारीक होते, तो गाईकडे ढुंकून पाहत नाहीं. माणसाचें तेंच होत असेल ना ? मग नांगर कोण धरणार ?” प्रश्न सरळ होता, आणि तो मनांत धरून पण तोंडानें न विचारणारे शेंकडों आहेत. म्हणून त्याचें उत्तर प्रथम देतों.

बैल बडवितांना, मग तो जुन्या रीतीनें दगड-लाकडानें असो कीं पशुवैद्याच्या बर्डिझो चिमट्यानें असो, वृषणाकडे जाणारी सबंध दोरी चिरडली जाते. त्या दोरींत वीर्य वाहून नेणारी नळी असते, तशाच वृषणास रक्त पुरविणाऱ्या शिराहि असतात. रक्तपुरवठा तुटला म्हणजे वृषण सुकून जातो. खोंडाला वळूपण देणारा जो स्राव वृषणांत तयार होऊन रक्तांत मिसळत असतो, तो त्यामुळें बंद पडतो. बैल शांत होतो तो ह्या स्रावाच्या अभावीं.

नसबंदींत ह्यांतलें कांहींच होत नाहीं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्या दोरींतून फक्त एक बारीक नळी निवडून बाहेर काढतो व तेवढीच बंद करतो. वृषण जागचे जागीं राहतात, त्यांच्या रक्तवाहिन्या शाबूत राहतात, आणि पुरुषत्वाचा स्राव पूर्वीप्रमाणेंच रक्तांत जात राहतो. ह्याचा पुरावा गोठ्यांतहि सांपडतो. मोठ्या पशुपैदास केंद्रांत माजावर आलेली गाय किंवा म्हैस ओळखण्यासाठीं नसबंदी केलेला वळू वापरण्याची रीत आहे. तो माजावरची गाय वास घेऊन हुडकतो, तिच्यावर चढतो, त्याच्या अंगांत वळूची सर्व रग असते. फक्त त्याच्यापासून गाय गाभण राहत नाहीं. बडविलेल्या बैलाचा ह्या कामीं उपयोग होत नाहीं, तो ह्याच कारणानें. ज्यानें हे दोन प्राणी शेजारीं शेजारीं उभे असलेले पाहिले, त्याला नसबंदीविषयीं निराळें व्याख्यान द्यावयास नको.

शरीरांतील रचना

पुरुषाच्या अंडकोशांत दोन वृषण असतात. प्रत्येक वृषणाचीं कामें दोन. एक, शुक्रजंतु तयार करणें. दुसरें, टेस्टॉस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव तयार करणें. दाढी-मिशा, भरदार आवाज, स्नायूंचें बळ व कामेच्छा हीं ह्या अंतःस्रावावर अवलंबून असतात. दोन्ही गोष्टी एकाच जागीं निर्माण होतात, पण त्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटा भिन्न आहेत. अंतःस्राव सरळ रक्तांत जातो. शुक्रजंतु मात्र शुक्रवाहिनी नांवाच्या नळींतून वर चढतात. ही नळी सुमारें एक फूट लांब, सुतळीसारखी टणक व गुळगुळीत असून अंडकोशाच्या कातडीखालीं बोटांच्या चिमटींत सांपडते. पुढें ती पोटांत शिरून मूत्राशयाच्या मागील बाजूस पोंचते व तेथील ग्रंथींच्या रसांत शुक्रजंतु नेऊन सोडते.

येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, वीर्य म्हणजे केवळ शुक्रजंतु नव्हेत. वीर्याचा बहुतेक सर्व भाग ह्या वरच्या ग्रंथींचा रस असतो. वृषणाकडून येणारा भाग शंभरांत पांचांहून अधिक भरत नाहीं. म्हणून नळी बंद केल्यावरहि वीर्य पूर्वीसारखेंच येतें. त्याचें प्रमाण, रंग वा घट्टपणा ह्यांत डोळ्यांस दिसेल असा फरक पडत नाहीं. शुक्रजंतु नंतरहि तयार होतच राहतात. ते सांचून कोठें जातात, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. शरीरांतील जुन्या पेशी रोज जशा विरघळून शोषल्या जातात, तसेच तेहि शोषले जातात.

शस्त्रक्रियेची रीत

नसबंदीची जुनी रीत सुरीनें अंडकोशावर एक किंवा दोन चिरा देऊन, काम झाल्यावर टांके घालण्याची होती. बिनटाक्याची रीत चीन देशांतील सेचवान प्रांतांत डॉ. ली शुनच्यांग ह्यांनीं सन १९७४ मध्यें बसविली. त्या देशांत पुरुष सुरीच्या भयानें ह्या शस्त्रक्रियेस तयार होत नसत, तें भय घालविण्याचा त्यांचा हेतु होता. सन १९८५ च्या सुमारास परदेशांतील डॉक्टरांनीं तेथें जाऊन ही रीत पाहिली व त्यानंतर ती इतरत्र पसरली. भारतांत ती १९९० नंतरच्या दशकांत आली, व आज सरकारी दवाखान्यांतून हीच सामान्यतः वापरली जाते.

तिचा क्रम असा. माणसास उताणें निजवून जागा जंतुनाशक औषधानें स्वच्छ करतात. नंतर लिग्नोकेन औषधाची सुई टोंचून तेवढीच जागा बधिर करतात. संपूर्ण बेशुद्ध करण्याची गरज नसल्यामुळें भुलीपासून होणारे धोके मुळांतूनच टळतात. माणूस शुद्धीवर असतो व डॉक्टरांशीं बोलतहि असतो. डॉक्टर तीन बोटांच्या साह्यानें शुक्रवाहिनी कातडीच्या लगत आणतात व टोंकाशीं कडें असलेल्या चिमट्यानें ती बाहेरूनच धरून ठेवतात. मग अणकुचीदार टोंकाच्या दुसऱ्या चिमट्यानें अंडकोशाच्या मध्यरेषेवर एक छिद्र पाडतात व चिमट्याचीं टोंकें उघडून तें किंचित् रुंद करतात. ह्या मध्यरेषेवर रक्तवाहिन्या थोड्या असतात. शिवाय सुरी लागली म्हणजे वाटेंतील शिरा कापल्या जातात. चिमट्यानें जागा फांकली म्हणजे त्या बाजूस सरतात. रक्तस्राव कमी होतो तो ह्या कारणानें. छिद्रांतून नळीचा वेढा बाहेर काढून तिचा लहानसा तुकडा कापतात, टोंकें बांधतात, आणि नळीचें एक टोंक तिच्याच आवरणाखालीं झांकून टाकतात, म्हणजे दोन टोंकें पुन्हां जुळण्याचा संभव कमी होतो. त्याच छिद्रांतून दुसऱ्या बाजूचेंहि काम होतें. छिद्र इतकें लहान असतें कीं, टांका घालावा लागत नाहीं. सर्व काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपतें, व माणूस थोडा वेळ विसावा घेऊन त्याच दिवशीं घरीं जातो.

धोका किती ?

कोणतीहि शस्त्रक्रिया शून्य धोक्याची नसते, आणि तसें सांगणारा मनुष्य वाचकांचा मित्र नव्हे. म्हणून येथें आकडेच देतों. सन १९८७ मध्यें थायलंडच्या राजाच्या वाढदिवशीं बँकॉक येथें भरलेल्या शिबिरांत १,२०३ पुरुषांची नसबंदी झाली. त्यांपैकीं ६८० जणांवर नव्या रीतीनें व ५२३ जणांवर जुन्या रीतीनें शस्त्रक्रिया झाली. जुन्या रींतींत शेंकडा ३.१ जणांस रक्त सांचणें, पू होणें असे उपद्रव झाले; नव्या रीतींत हें प्रमाण शेंकडा ०.४ भरलें. पुढें पांच देशांत १,४२९ पुरुषांवर झालेली एक चौकशी सन १९९९ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत रक्ताची गांठ होण्याचें प्रमाण जुन्या रीतींत शेंकडा १२.२ व नव्या रीतींत शेंकडा १.८ असें आढळलें. जखम चिघळण्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा १.५ व ०.२ होतें. दोन्ही चौकशांतील आकडे निराळे असले तरी कल एकच आहे. संतति थांबविण्याच्या कामीं दोन्ही रीती सारख्याच. पण इजा बिनटाक्याच्या रीतींत स्पष्टपणें कमी.

आतां राहिलेले धोके सांगतों. दोन-चार दिवस ठणका, थोडी सूज व निळसर डाग हे बहुतेकांस होतात व आपोआप जातात. क्वचित् कोणास वृषणाशेजारीं वाटाण्याएवढी दुखरी गांठ येते. शंभरांतील एक-दोन पुरुषांस महिनेच्या महिने टिकणारी वेदना राहते व त्यांस पुन्हां डॉक्टरांकडे उपचार घ्यावे लागतात. ही गोष्ट लपवून ठेवणें योग्य नाहीं. ज्यास ती सांगितलेली नव्हती तो पुढें साऱ्या गांवास भिवविणार, आणि त्याचा दोष त्याच्याकडे नाहीं.

अशक्तपणाविषयीं काय ? अंतःस्राव कमी होत नसल्यामुळें अंगांतील बळ कमी होण्याचें कारणच उरत नाहीं. ह्या संबंधांत एक मौजेची गोष्ट इतिहासांत आहे. सन १९२० च्या सुमारास व्हिएन्ना येथील स्टाइनाख नांवाच्या शास्त्रज्ञानें नेमकें उलटें मत मांडलें होतें. शुक्रवाहिनी बांधली असतां पुरुषाचें तारुण्य परत येतें, असें तो म्हणे. त्या आशेनें युरोपांतील पुष्कळ प्रतिष्ठित लोकांनीं ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांत मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड व आयरिश कवि येट्स हेहि होते. पुढें तें मत टिकलें नाहीं. आपल्याकडे ज्या शस्त्रक्रियेनें शक्ति जाते म्हणून लोक भितात, तिनेंच शक्ति येते म्हणून तिकडे लोक पैसे मोजीत होते. शक्ति जाते हेंहि खरें नव्हे आणि येते हेंहि खरें नव्हे.

हृदयविकाराची शंकाहि एका काळीं निघाली होती. माकडांवरील प्रयोगांवरून ती आली. परंतु सन १९८४ मध्यें अमेरिकेंत नसबंदी झालेल्या दहा हजारांहून अधिक पुरुषांची तशाच इतर पुरुषांशीं तुलना केली असतां तिला आधार मिळाला नाहीं. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविषयीं कांहीं चौकशांत अगदीं थोडा संबंध दिसला, कांहींत मुळींच दिसला नाहीं. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया टाळण्याचें कारण नाहीं, असेंच वैद्यकीय संस्थांनीं ठरविलें आहे.

तीन महिन्यांचा नियम

ह्या शस्त्रक्रियेंत खरा घात होतो तो डॉक्टरांच्या हातून नव्हे, तर घरीं गेल्यावरच्या अज्ञानानें. नळी आज बांधली म्हणून आजच वीर्य निर्बीज होत नाहीं. बांधलेल्या जागेच्या पुढें, वरच्या भागांत, आधींचे शुक्रजंतु शिल्लक असतात. पाटाचें दार बंद केलें तरी खालच्या चारींत उभें असलेलें पाणी वाफ्यांत जातच राहतें, तसें हें आहे. ते निघून जाण्यास सुमारें तीन महिने लागतात. तोंपर्यंत दुसरें कांहीं साधन वापरलेंच पाहिजे. तीन महिने झाल्यावर दवाखान्यांत वीर्य तपासून घ्यावें. त्यांत शुक्रजंतु नाहींत असें ठरल्यावरच दाखला मिळतो, आणि तेव्हांच शस्त्रक्रिया पुरी झाली असें समजावें.

हा नियम न पाळल्यानें काय होतें तें स्पष्ट लिहितों. दुसऱ्या महिन्यांत बायकोस दिवस जातात. नवरा म्हणतो, माझें ‘आपरेशन’ झालें आहे, मग हें कोणाचें ? निर्दोष बाईस मारहाण होते, माहेरीं घालविलें जातें, भाऊबंद जमतात आणि संसार मोडतो. दोष त्या बाईचा नसतो. तो वीर्य न तपासणाऱ्या पुरुषाचा, व त्यास नियम समजावून न सांगणाऱ्यांचा असतो. दाखला मिळाल्यानंतरहि सुमारें दोन हजारांत एखाद्या जोडप्यास नळी पुन्हां जुळून गर्भ राहिल्याचें आढळतें. म्हणून कधींहि असा प्रसंग आला तर बायकोकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपलें वीर्य पुन्हां तपासून घ्यावें. समंजस माणसाचें हें पहिलें कर्तव्य आहे. सरकारी योजनेंत शस्त्रक्रिया फसल्यास अथवा इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. म्हणून संमतिपत्राची प्रत, दाखला व दवाखान्याचे सर्व कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणें जपून ठेवावेत.

कोणीं करून घ्यावी, कोणीं थांबावें

ही शस्त्रक्रिया कायमची आहे असें समजूनच ती करावी. बांधलेली नळी पुन्हां जोडतां येते हें खरें. पण ती शस्त्रक्रिया मोठी, खर्चाची व भरंवशाची नसलेली आहे, आणि जितकीं वर्षें लोटावींत तितकी यशाची आशा कमी होते. म्हणून ज्यास संततीविषयीं किंचितहि द्विधा आहे त्यानें तूर्त दुसऱ्या साधनांवर राहावें. सरकारी नियमाप्रमाणें पुरुष विवाहित व साठ वर्षांच्या आंतील असावा आणि एक वर्षाहून मोठें निदान एक मूल असावें. बायकोची लेखी संमति कायद्यानें लागत नाहीं, तरी दोघांनीं बसून विचार करावा हें सांगावयास नकोच.

अंडकोशावर खरूज, गळूं वा जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावें. अंतर्गळ, अंडवृद्धि, रक्त न थांबण्याचा रोग, आटोक्यांत नसलेला मधुमेह, अथवा पूर्वीं त्या जागीं झालेली शस्त्रक्रिया ह्यांपैकीं कांहीं असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें. विदर्भांतील ज्या भागांत हत्तीरोग आढळतो, तेथील लोकांनीं ह्याविषयीं विशेष जपावें. आणखी एक गोष्ट : नसबंदीनें फक्त संतति थांबते. गुप्तरोग किंवा एड्स ह्यांपासून तिनें कांहींहि रक्षण होत नाहीं.

नंतरची काळजी

शेतकऱ्याचें काम अंगमेहनतीचें असल्यामुळें पुढील सूचना ध्यानांत ठेवाव्यात.

१. पहिले दोन दिवस घरींच विसावा घ्यावा. घट्ट लंगोट अथवा आधार देणारी चड्डी निदान आठवडाभर वापरावी. त्यानें सूज व ठणका दोन्ही कमी होतात.

२. एक आठवडा पोतीं उचलणें, नांगर, कुदळ वा फावडें चालविणें, सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि खडबडीत वाटेनें बैलगाडी हीं वर्ज्य करावींत. गांठ होण्याचीं उदाहरणें पुष्कळदां दुसऱ्याच दिवशीं कामास लागणाऱ्यांत सांपडतात.

३. जखम कोरडी व स्वच्छ ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून अंग धुण्यास हरकत नाहीं, पण विहिरींत, कालव्यांत वा तळ्यांत उतरूं नये. शेण, राख, हळद, तंबाखू ह्यांपैकीं कांहींएक जखमेस लावूं नये. शेणखताच्या मातींत धनुर्वाताचे जंतु असतात हें शेतकऱ्यास माहीत असलेंच पाहिजे. धनुर्वाताची लस टोंचलेली नसल्यास ती टोंचून घ्यावी.

४. दोन-तीन दिवसांनंतर त्रास वाटत नसल्यास स्त्रीसंग करण्यास हरकत नाहीं. मात्र वर सांगितलेला तीन महिन्यांचा नियम पाळावा.

५. ताप येणें, सूज वाढत जाणें, पू अथवा रक्त येणें, औषधानें न थांबणारा ठणका लागणें, ह्यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास गांवांतील उपायांत वेळ न घालवितां त्याच दवाखान्यांत जावें.

दरवर्षीं २१ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत सरकारी आरोग्यखातें पुरुषनसबंदीचा पंधरवडा पाळतें. त्या सुमारास खरिपाचें पीक घरीं आलेलें व रब्बीची पेरणी उरकलेली असते. थंडीमुळें घामाचा त्रासहि नसतो. आठ दिवस काम सोडावयाचें तर हे दिवस सोईचे आहेत. सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया विनामूल्य होते व बुडालेल्या रोजाबद्दल ठराविक रक्कम मिळते. परंतु केवळ त्या रकमेसाठीं कोणीं ह्या वाटेस जाऊं नये.

जबरदस्तीची आठवण

पुरुष ह्या शस्त्रक्रियेस भितात ह्याला आणखी एक कारण आहे, व तें कल्पित नव्हे. सन १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत माणसांस पकडून, नोकरी, कर्ज व रेशनची भीति घालून नसबंदी करण्यांत आली. सन १९७६-७७ ह्या एका सालांत देशांत ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, व त्यांपैकीं सुमारें बासष्ट लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळानें तर सक्तीच्या नसबंदीचें बिलच मंजूर केलें होतें. त्यास राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यानें तें अमलांत आलें नाहीं. ज्यांनीं त्या वेळीं घाईच्या व अस्वच्छ शस्त्रक्रिया सोसल्या, त्यांच्या गोष्टी घराघरांत अजून सांगितल्या जातात. त्या खोट्या आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांवरून सिद्ध होतें तें जबरदस्तीचें पाप. शस्त्रक्रियेचा दोष नव्हे.

आणीबाणीनंतर सरकारनें पुरुषांचें नांव सोडलें आणि सगळा भार बायकांवर टाकला. त्याचें फळ काय झालें ? सन २०१४ च्या नोव्हेंबरांत छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यांत एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यांत आल्या व त्यांपैकीं तेरा स्त्रिया दगावल्या. कारण औषधांतील दोष कीं अस्वच्छता, ह्यावर पुढें वाद झाला. पण त्या स्त्रियांचीं लहान मुलें आईविना राहिलीं ह्याविषयीं वाद नाहीं. सन २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. चांगल्या दवाखान्यांत होणारी स्त्रीची शस्त्रक्रियाहि सामान्यतः निर्धोक असते, हें येथें सांगितलें पाहिजे. तरीहि दोहोंत मूलतःच अंतर आहे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेंत पोट उघडावें लागतें किंवा दुर्बीण आंत घालावी लागते. पुरुषाच्या शस्त्रक्रियेंत पोटास हातहि लागत नाहीं. दोन बाळंतपणें, त्यांतील रक्तक्षय आणि अंगावरचें मूल, इतकें सोसल्यावर पोट उघडण्याची पाळीहि तिच्यावरच यावी काय, ह्याचा विचार प्रत्येक गृहस्थानें आपल्या घरीं करावा.

सारांश

बिनटाका पुरुषनसबंदींत वृषणास धक्का लागत नाहीं. बळ, कामेच्छा व वीर्य पूर्ववत् राहतात. रक्तस्राव व जखम चिघळणें जुन्या रीतीहून पुष्कळ कमी होतें. ती कायमची आहे, तीन महिने थांबावें लागतें, वीर्य तपासावें लागतें, आणि थोड्यांस दीर्घकाळ वेदना राहूं शकते, हेंहि तितकेंच खरें. शस्त्रक्रिया करून घेण्यापूर्वीं डॉक्टरांस आपल्या सर्व शंका विचाराव्यात, आणि ज्या ठिकाणीं घाई किंवा सक्ती दिसेल तेथून उठून यावें. बैलजोडी घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, चार जाणत्यांस विचारतों. तितकीच चौकशी ह्या बाबतींतहि करावी. अशी चौकशी करून जो पुरुष ह्यास तयार होईल, त्यास सभोंवतालच्यांनीं हसूं नये. उलट त्याच्या अनुभवाची माहिती करून घ्यावी.